बिननावाचं दर्शन

मंडळी, ऐका! आख्यानाला हात घालायच्या आधी एक प्रश्न विचारते. उत्तर मनातल्या मनात नको, तोंडाने द्यायचं! लपून केलेली माया — ही माया म्हणायची, की चोरी?

बोला की! रामाच्या देवळात बसून घाबरता कशाला? त्या काकू म्हणाल्या, "माया." आणि ते खांबाला टेकलेले गृहस्थ म्हणाले, "चोरी." खांबाला टेकणारी माणसं नेहमी ठाम असतात, मी पाहून ठेवलंय! असू द्या. मी निवाडा देणार नाही. बार्शीच्या सबनीस सरांची हकिकत सांगते, निवाडा तुम्ही करा. पेटीवाले, सूर जरा खाली घ्या. राम, राम, राम…

हे नीळकंठ सबनीस म्हणजे गणिताचे मास्तर. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण दरारा कसा? चाळिशी उलटलेले विद्यार्थी! रस्त्यात सर दिसले, की पेटती सिगारेट खिशात घालतात! खिसा जळाला तरी चालेल, पण सरांना दिसता कामा नये! आणि माणूस असा, की पोटातलं ओठावर येणार नाही. बोर्डाचे पेपर काढायचे ना! ते गुपित ठेवावं लागतं. यांनी ते बायकोपासूनसुद्धा ठेवलं. मालतीबाई बिचाऱ्या — संसार झाला, वारल्याही — पण नवरा मधेच पुण्याला कशाला जातो ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. त्यांना वाटायचं, गुडघ्याच्या डॉक्टरकडे!

एकच मुलगी, चारुता. हुशार, बापासारखीच हट्टी. सरकारी तंत्रनिकेतनात शिकवायला लागली होती. कायमची नोकरी! सर गावभर मान वर करून हिंडत होते. आई गेल्यावर वर्षभराने ती घरी आली, आणि जेवता जेवता म्हणाली, "बाबा, मी राजीनामा दिलाय."

सरांचा घास हातातच राहिला. "का?"

"आम्ही चौघं मिळून एक यंत्र बनवतोय. हैदराबादला. तान्ह्या बाळाला ऐकू येतं की नाही, ते जन्मल्या जन्मल्या कळेल असं. बाबा, पोर दोन-तीन वर्षांचं होईपर्यंत घरच्यांना पत्ताच लागत नाही हो, की ते बहिरं आहे! म्हणतात, उशिरा बोलेल."

"पगार?"

"सध्या नाही."

"हातची नोकरी टाकून खेळणी करायला निघालीस? जा! पण हे खूळ डोक्यातून उतरेपर्यंत या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचं नाही!"

झालं! पोरगी उठली, हात धुतले, बॅग उचलली, गेली. मागे वळून पाहिलं नाही. कारण वळली असती तर रडली असती, आणि बापापुढे रडायचं नाही हे ती बापाकडूनच शिकली होती.

मंडळी, बोलायला किती वेळ लागतो हो? आणि बोललेलं मागे घ्यायला? सर रोज म्हणायचे, उद्या फोन करीन. पण मधे मास्तर उभा राहायचा ना! जन्मभर दुसऱ्यांच्या चुकांखाली लाल रेघ ओढलेली. स्वतःच्या बोलण्याखाली कोण ओढणार? उद्याचा परवा झाला, परवाची वर्षं झाली. घरातला जुना फोन कापला गेला. सरांनी मोबाईल घेतला, तो नंबर लेकीकडे गेलाच नाही. ती म्हणायची, बाबांनी बोलावलं की जाईन. हे म्हणायचे, ती आली की बोलेन. दोघंही आपापल्या जागी बरोबर! आणि दोघांच्याही घरात एकटेपणा.

असं असताना, एका सत्काराला सरांचा जुना विद्यार्थी भेटला. पायाला हात लावून म्हणाला, "सर, चारुताताईंचं काम पाहिलं हो! केवढं मोठं!"

सरांनी चेहरा हलू दिला नाही. "कुठे पाहिलंस?"

आता तरुण मंडळींना माहीत असेल — इंटरनेटवर नोकरी-धंद्यातल्या माणसांची एक जागा असते. तिथे जो तो आपलं पान उघडतो. मी कोण, काय शिकलो, कुठे काम करतो. लग्नाच्या बायोडेटासारखंच, फक्त रास आणि नाडी नसते! तिथे ताईंचं पान आहे, असं तो म्हणाला.

सर घरी आले. दार लावलं. खिडकीसुद्धा लावली! घरात एकटा माणूस, पण चोरी करायची तर खिडकी नको का लावायला? मोबाईल घेऊन बसले. ती जागा म्हणाली, आधी तुमचं पान उघडा. विचारलं, नाव? इथे कोणीही शहाणा काय करेल? काहीतरी टोपणनाव ठोकून देईल! पण हे सबनीस सर. कुठेही खोटी माहिती भरायची नाही, हे पोरांना शिकवलेलं. लिहिलं — नीळकंठ विश्वनाथ सबनीस, बी.एस्सी., बी.एड., निवृत्त, बार्शी! लपून पाहायला निघालेला माणूस, आणि छातीवर नावाची पाटी लावून निघाला! हसताय? हसा. पण लक्षात ठेवा, त्या खरेपणानेच पुढे सगळं घडवलं.

आणि पान उघडलं.

मंडळी… काय दिसलं असेल? लेक! केस थोडे पिकलेले. डोळ्यांना चष्मा. कानात मालतीबाईंच्या मोत्याच्या कुड्या! खाली एक व्हिडिओ होता. सरांनी बोट ठेवलं. कुठल्याशा दवाखान्यात आईच्या मांडीवर तान्हं बाळ आहे. याच यंत्रामुळे कळलं, की बाळाला ऐकू येत नाही. म्हणून वेळेवर कानाला इवलंसं मशीन बसवलंय. आई हळूच म्हणते, "बाळा." आणि ते बाळ — अहो, ते बाळ एकदम थांबतं! हलायचं थांबतं. डोळे एवढे मोठे होतात. जगात असं काही आहे हे त्याला ठाऊकच नव्हतं हो! ते आईच्या तोंडाकडे बघत राहतं, आणि मग हसतं. आणि कोपऱ्यात, कॅमेऱ्याकडे पाठ करून, पदराने डोळे पुसतेय ती चारुता.

सर उभे राहिले. का उभे राहिले, त्यांनाही कळलं नाही. टाच दुखते म्हणून घरात सपाता घालायचे, त्या त्यांनी काढून ठेवल्या. अनवाणी उभे राहून तो व्हिडिओ पुन्हा पाहिला. तोंडातून एवढंच आलं, "खेळणी म्हणालो मी हिला!"

त्या दिवसापासून नेम लागला, तो वर्षानुवर्षं चालला. अंघोळ, पूजा, आरती. मग उपरण्याच्या टोकाने मोबाईलची काच पुसायची, सपाता काढायच्या, आणि लेकीचं पान उघडायचं. पाहायचं, वाचायचं, डोळे भरून आले की चष्मा पुसायचा आणि बंद! तिथे शाबासकी द्यायला नुसतं एक बटण असतं. सरांचं बोट त्याच्यापर्यंत जायचं आणि परत यायचं. सरांची ठाम समजूत, की आपण पाहतो हे ब्रह्मदेवालासुद्धा ठाऊक नाही!

आता ऐका. शेजारी केतकी नावाची सून होती. मोठ्या कंपन्यांसाठी माणसं निवडायची, घरीच लॅपटॉपवर काम करायची. एके सकाळी धिरड्यांचा डबा द्यायला आली. दार उघडंच! सर अनवाणी उभे, हातात मोबाईल, डोळ्यांत पाणी. तिची नजर पडद्यावर गेली.

"अय्या! सर, तुम्ही पण इथे? कोणाचं पान बघताय?"

"कोणाचं नाही! सहज. ओळखीच्यातलं कोणीतरी."

"मग दोन शब्द लिहा की! नाहीतरी तुम्ही पाहिलंत हे त्यांना कळतंच."

सर म्हणाले, "काय कळतं?"

"तुमचं नाव! ज्याचं पान उघडाल, त्याला ही जागा सांगते ना, अमके अमके येऊन तुमचं पान पाहून गेले."

राम, राम! सरांनी खुर्ची धरली. हसू नका, त्यांच्या जागी स्वतःला ठेवून बघा! रोज! एक दिवस न चुकता, नावासकट, बी.एस्सी. बी.एड.सकट, लेकीच्या दारात जाऊन उभे राहत होते! ज्याने घराबाहेर काढलं, तो म्हातारा रोज सकाळी येऊन डोकावतो, हे तिला ठाऊक होतं!

"बंद कर! केतकी, ते नाव जाणं आत्ताच्या आत्ता बंद कर!"

"अहो, घाबरता काय? सेटिंगमध्ये प्रायव्हेट मोड असतो. आम्ही तर दिवसभर नाव झाकूनच हिंडतो, नाहीतर कोणाला घ्यायचा विचार चाललाय ते फुटेल ना! मग समोरच्याला फक्त दिसतं, 'एक अनामिक सदस्य.' आणि सर, तुमचा फोन नंबर, जन्मतारीख पानावर दिसत नाही, पण बाहेरच्या कंपन्यांना द्यायला परवानगी देऊन बसलात! ते आधी बंद करते. भामटे टपलेले असतात." पोरीने ते काम चोख केलं. मग थांबून म्हणाली, "एक सांगते हं. नाव झाकलंत, की तुमच्या पानावर कोण येऊन गेलं ते तुम्हालाही दिसणार नाही. आतापर्यंतचंही पुसलं जाईल. आधी बघायचंय का एकदा?"

"माझ्याकडे कोण येणार आहे? पूस!"

पुसलं. केतकी दारापर्यंत गेली आणि सहज म्हणाली, "एवढं मनाला लावून घेऊ नका. त्यांना तुमचं येणं खटकलं असतं, तर एका बोटाने तुम्हाला कायमचं बाहेर केलं असतं. तशीही सोय असते." आणि गेली.

ती गेली, पण वाक्य घरात राहिलं. पहिल्या दिवशी सरांचा जीव भांड्यात पडला होता — सुटलो, आता कोणाला कळत नाही! दुसऱ्या दिवशी सपाता काढल्या, पान उघडलं, पण काही केल्या मन लागेना. देवळात जावं आणि गाभाऱ्याला पाठ करून उभं राहावं, तसं वाटायला लागलं. आरती म्हणताना शब्द विसरले. ती बाहेर करू शकली असती. केलं नाही! इतकी वर्षं मी येतोय हे तिने पाहिलं, आणि दार लोटलं नाही! मंडळी, त्या म्हाताऱ्याच्या अंगावर काटा आला. जिला आपण चोरून पाहत होतो, ती आपल्याला येऊ देत होती!

मग तुम्ही म्हणाल, लगेच नाव परत लावलं असेल. छे! कसं लावायचं ते येत नव्हतं, आणि केतकीला विचारायचं म्हणजे सगळं सांगायचं. चार वेळा तिच्या दारापर्यंत जाऊन "वीज गेलीये का हो तुमच्याकडे?" असं विचारून परत आले!

आता चला हैदराबादला.

ज्या दिवशी पहिल्यांदा ते नाव चारुताच्या पडद्यावर उमटलं, त्या दिवशी ती बैठक सोडून जिन्यात जाऊन बसली होती. पडद्यावरच्या नावावर नुसतं बोट फिरवत होती. बाबांनी मला पाहिलं! मग रोज तिचा दिवस त्या नावाने सुरू व्हायचा. नाव दिसलं, की तीही उलट त्यांच्या पानावर जाऊन यायची. फोटो नाही, दुसरं काही नाही. नुसतं नाव, गाव आणि 'निवृत्त' — तेवढं पाहून यायची. म्हणजे बघा हं! बाप रोज लेकीच्या दारात येऊन जायचा, लेक रोज बापाच्या दारात येऊन जायची. आणि दोघांपैकी कोणी कडी वाजवत नव्हतं! कुड्या घालून तो फोटो तिने आधीपासून कोणासाठी लावून ठेवला होता, आता सांगायला हवं का?

आणि एके सकाळी नाव आलं नाही.

तिला वाटलं, इंटरनेट बंद असेल. दुसऱ्या दिवशी नाही. तिसऱ्या दिवशी नाही. बिननावाची माणसं यायची, पण ती तिच्याकडे रोज ढिगाने! नोकरीसाठी माणसं हेरणारे सगळे नाव झाकूनच येतात. त्यात आपला बाप आहे हे तिला कसं कळणार हो? तिला एवढंच दिसलं, की ताप असो, सण असो, ज्या माणसाचा नेम कधी चुकला नाही, त्याचं नाव थांबलं. म्हाताऱ्या, एकट्या माणसाचं नाव थांबलं, की मनात पहिलं काय येतं?

जुना फोन लावला, तो कापलेला. तुम्ही म्हणाल, कोणाला तरी विचारायचं! काय विचारणार? "माझे वडील आहेत का हो?" — हे पोटच्या पोरीने परक्याला कुठल्या तोंडाने विचारायचं? आठवडाभर तिने घास घशाखाली ढकलला. मग उठली. बोलावण्याची वाट न बघता उठली! रात्रीची गाडी पकडली आणि निघाली.

इकडे दुसऱ्या दिवशी सकाळी सरांनी पूजा केली, आरती घेतली, आणि आरतीचं तबक तसंच हातात घेऊन केतकीच्या दारात उभे राहिले. ती म्हणाली, "वीज आहे हं सर आमच्याकडे!"

"वीज नको. माझं नाव परत लाव."

"म्हणजे?"

"ते ओळखीच्यातलं कोणीतरी नाही. ती माझी मुलगी आहे. मी तिला घराबाहेर काढलं. मी तिला रोज पाहतो. तिला कळू दे. हसायचं असेल तर हसू दे, पण तिला कळू दे."

मंडळी! ज्या माणसाने बायकोला आपला प्रवास सांगितला नाही, त्याने शेजारच्या सुनेसमोर, उजेडात, रस्त्यावरून जाणाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात हे सांगितलं! केतकीने डोळे पुसले आणि ते नाव होतं तसं लावून दिलं. सरांनी तिथेच, तिच्या अंगणात, पायातल्या चपला काढल्या, आणि लेकीचं पान उघडलं.

चारुता तेव्हा कुर्डुवाडीच्या स्टँडवर बार्शीच्या एसटीसाठी उभी होती. सवयीने मोबाईल पाहिला. नीळकंठ विश्वनाथ सबनीस. बी.एस्सी., बी.एड. बार्शी!

ती मटकन खाली बसली. माणसं जमली — "काय झालं हो ताई?" ती म्हणाली, "काही नाही. माझे वडील आहेत. माझे वडील आहेत!" कोणाला काही कळेना. एका बाईने पाणी दिलं.

आता नीट ऐका हं. ज्या भीतीने ती निघाली होती, ती भीती संपली. बाप धडधाकट आहे! हैदराबादची परतीची गाडी मिळत होती. 'बोलावल्याशिवाय जाणार नाही' हा मानही शाबूत राहिला असता. फिरली असती मागे, तर तिला कोण काय म्हणणार होतं? एसटी लागली. कंडक्टरने विचारलं, "ताई, येताय ना?" आणि ती चढली.

दुपार झाली होती. सर बाहेरच्या खोलीत, दार उघडं टाकून बसले होते. फाटक वाजलं. वर पाहिलं — फोटोत नाही, काचेत नाही, उन्हात उभी! उंबऱ्याबाहेर थांबलेली.

सांगा, काय बोलले असतील सर? "ये बाळ"? "मला माफ कर"? अहो, गणिताचे मास्तर ते! उठून उभे राहिले, आणि तोंडातून निघालं —

"गेल्या महिन्यात तू जो आलेख टाकलास ना… त्यात टक्क्यांची बेरीज शंभराच्या वर जाते."

चारुता हसली. डोळ्यांतून पाणी गळतंय आणि हसतेय! "माहीत आहे बाबा. मुद्दाम चुकवली होती. म्हटलं, बाकी कशाला नाही, पण चूक दाखवायला तरी तुम्ही बोलाल."

सर पुढे आले, आणि ज्या उंबऱ्यावर त्यांनी पोरीला अडवलं होतं, तिथेच बसकण मारली. तिचे दोन्ही हात धरले. म्हणाले, "बेरीज माझी चुकली होती. पहिली चूक माझी. आत ये." ती त्यांच्याजवळ उंबऱ्यावरच टेकली. किती वेळ बसली कोण जाणे! केतकीने चहा आणून ठेवला, तो तसाच गार झाला.

काकू, पुसा डोळे. पेटीवाले, तुम्हीसुद्धा!

तर काय म्हणत होता तुम्ही, माया की चोरी? मला विचाराल, तर चोरी होती. पण चोराचं नाव लेकीला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, आणि ती रोज दार उघडं ठेवत होती! उद्या घरी जाऊन नाव झाकायचं बटण नको म्हणून वाद घालू नका हं. भामट्यांना आपला नंबर, जन्मतारीख, घरचा पत्ता द्यायचा नाही म्हणजे नाही! केतकीचं ते शंभर टक्के बरोबर होतं. पण जगापासून लपता लपता आपण आपल्याच माणसापासून लपलोय का, हे कोणत्या सेटिंगमध्ये बघायचं?

तुम्ही, खांबाला टेकलेले! धाकट्या भावाचे फोटो बघता आणि न बघितल्यासारखे पुढे सरकता, खरं की नाही? आणि माउल्यांनो, तुम्ही! सासर सोडून गेलेल्या सुनेचं स्टेटस शेजारणीच्या मोबाईलवरून कोण बघतं? मान खाली घालू नका, मी नावं घेत नाहीये. आज घरी गेल्यावर एकाला, फक्त एकाला कळू द्या, की मी तुला बघत असतो. दुसरं काही लिहायला जमलं नाही, तर त्याची चूक काढा, पण बोला!

आणि जाता जाता एवढंच. आपण म्हणतो, दर्शनाला जाऊन येतो. जणू बघणारे फक्त आपणच! अहो, तो समोर उभा आहे ना, त्याला रोज कळतं कोण आलं होतं. एवढे खोटे, एवढे हट्टी आपण, तरी त्याने अजून एकालाही बाहेर काढलेलं नाही. केवढी ही माया! विचार केला तरी ऊर दडपतो.

उठा आता, आरतीला उभे राहा. हात जोडा. पण आज डोळे मिटायचे नाहीत. तो बघतोय, तसं तुम्हीही त्याच्याकडे बघा.